ओढ्यापलीकडचं गवत

साखरबाई, दवाचं कारण खोटं होतं.

ओढ्यापलीकडच्या मसनवट्यातलं गवत आपण पहिल्यांदा माझ्या रानात आणलं, तेव्हा ते पहाटेच आणायचं असा हट्ट मी धरला होता. ओंब्या दवानं ओल्या असल्या की बी गळत नाही, ऊन चढलं की निम्मं वाटेतच सांडतं, असं मी तुम्हाला समजावून सांगितलं. शाळेत जीवशास्त्र शिकवणारा माणूस सांगतोय म्हटल्यावर कुणालाही पटावं असं ते होतं. खरं कारण निराळं होतं. दिवस उजाडल्यावर ते भारे आमच्या दारावरून गेले असते, तर ओट्यावर बसलेल्या आईनं विचारलं असतं, हे गवत कुठलं? आणि मला ते सांगायचं नव्हतं.

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशीही नाही. तुम्हाला सांगायची गरजच पडली नाही, कारण तुम्हाला ते तिथल्या तिथं कळलं होतं. विळा कमरेला खोचता खोचता तुम्ही म्हणाला होतात, "दवात कापलेलं गवत कुजतं, मास्तर. पर तुमी म्हणता तर येते पहाटं." आणि आलात.

आणखी एक. हयातभर मी तुम्हाला 'अगं साखरबाई' म्हणत आलो. तुम्ही माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी मोठ्या. तुम्ही मला 'तुमी' म्हणायच्या आणि मी तुम्हाला 'तू'. गावात असंच चालतं, असं म्हणून मी ते सोडून द्यायचो. आज कागदावर 'तुम्ही' लिहिताना हात अडखळतो आहे. तो अडखळतो याचीच लाज वाटते.

तुम्हाला जाऊन बावीस दिवस झाले. या बावीस दिवसांत दोनदा गावाकडं गेलो. करमाडच्या पुढं जालना रस्ता सोडून आत वळलं की पहिलं आमचं रान लागतं, तुम्हाला काय सांगायचं. दोन्ही वेळा गाडी उभी करून बांधावरच थांबलो. कुर्डूचे तुरे गुलाबीवरून पांढऱ्यावर आलेत. पवन्या गवताला ओंब्या धरल्यात. एखादी ओंबी तळहातावर चोळून बघावी, असं मनात आलं आणि चोळली नाही. ते तुमचं काम होतं.

सुरुवातीला तुम्ही मला किती हसला होतात! खालच्या अंगाचा तो दोन एकर खडकाळ तुकडा दत्तानं सोडून दिला होता. शेती माझा हा धाकटा भाऊच बघतो. मी शहरात नोकरीला, रविवारचा शेतकरी. तुकडाभर गाजरगवत माजलेलं. मी दत्ताला म्हटलं, हा मला दे, मी इथं रानफुलांचं कुरण करतो. शाळेतल्या पोरांना दाखवायला माझ्याकडं केना आणि एकदांडी सोडून काही नव्हतं. लहानपणी शाळेच्या वाटेवर जे पाहिलं होतं ते कुठंच सापडत नव्हतं. दत्ता म्हणाला, "घे. नाहीतरी तिथं दगडंच पिकतात." मग मी शहरातल्या एका रोपवाटिकेतून 'रानफुलांचं मिश्रण' असं लिहिलेल्या पुड्या आणल्या आणि मृगात फेकल्या. श्रावणात सगळ्या तुकड्यावर नारिंगी कॉसमॉस डोलायला लागला. त्याच्याशिवाय काही नाही. तुम्ही गाजरगवत उपटायला रोजानं आला होतात. कमरेवर हात ठेवून बघत राहिलात.

"मास्तर, कुणाचं लगीन हाय?"

"का गं?"

"नाय, मांडव घातलाय जनू." आणि मग तोंडाला पदर लावून, "जनावर तोंड लावंना, मधमाशी फिरकंना. कशाला आणलं हे? फुलं पायजेत व्हय तुम्हाला? चला. दावते."

त्या दिवशी तुम्ही मला ओढा ओलांडून घेऊन गेलात. मी या गावात जन्मलो, साखरबाई, आणि पन्नाशी जवळ येईपर्यंत मी त्या जागेत पाय ठेवला नव्हता. तुमच्या वस्तीचा मसनवटा गावाच्या स्मशानभूमीहून वेगळा, मुरमाच्या उंचवट्यावर. एवढंच मला माहीत होतं, आणि त्याहून जास्त माहीत करून घ्यायचं नसतं हेही माहीत होतं.

वर चढलो. गुडघाभर पवना आणि मारवेल, आणि त्यात जागोजाग तेरडा, रानतीळ, पिवळा खुळखुळा, कळलावीचे दोन वेल. जमिनीलगत कितीतरी अशी बारकी फुलं, ज्यांची नावं मला तेव्हा येत नव्हती. पुस्तकात बघून नंतर लावली. तुम्ही मधल्या पाऊलवाटेनं चालत होतात. मी बाजूला पाय टाकला तेव्हा तुम्ही मागं न बघताच म्हणालात, "वाटंनं या. पावसाळ्यात हितं कुणी आत शिरत नाय."

का, ते तुम्ही सांगितलंत. पावसाळ्यात माती मऊ असते, जनावराचा खूर आपल्या माणसावर पडू नये, म्हणून मृगापासून दिवाळीपर्यंत वस्तीतलं कुणी तिथं शेळी सोडत नाही. दिवाळी झाली की एक दिवस ठरतो. घरटी एक विळा, घरटी एक पट्टा. सगळं गवत त्या एका दिवसात कापायचं, आणि मग शेळ्या आत. कधीपासून असं करता, म्हणून विचारलं तर तुम्ही म्हणालात, "माझ्या सासूनं मला सांगितलं, तिला तिच्या सासूनं. पुढचं इचारायला कोन ऱ्हायलंय?"

गावातली सगळी जमीन कधी ना कधी नांगराखाली गेली. गायरानसुद्धा गेलं. तेवढा उंचवटा राहिला होता. गवताळ रान कसं राखावं म्हणून मी शहरातून पुस्तकं आणली होती, आणि त्यांत जे लिहिलं होतं ते तुमची वस्ती आपल्या गेलेल्या माणसांच्या मायेपोटी करत आली होती. नांगर नाही, पावसाळ्यात चराई नाही, बी पडल्यावर एकच कापणी. मी हे तुम्हाला मोठ्या उत्साहानं सांगितलं. तुम्ही मिस्रीचं बोट दातावरून फिरवत ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "बरं झालं, पुस्तकवाल्याला बी कळलं."

उंचवट्याच्या उगवतीकडच्या अंगाला विष्णुक्रांतेची निळी फुलं अशी दाट होती की खाली माती दिसत नव्हती. मी वाकून बघायला गेलो. तुमचा आवाज बदलला. "जरा बाजूनं, मास्तर. तितं माझं पयलं हाय."

पहिलं म्हणजे तुमचं पहिलं मूल, पाच दिवसांचं. तो पट्टा तुमच्या घराचा होता. आणि त्याच पट्ट्यातलं गवत तुम्ही मला दिलंत.

वस्तीच्या ठरल्या दिवसाच्या आधी कापायचं होतं, कारण बी ओंबीतच हवं होतं. त्यासाठी तुम्ही वस्तीत कुणाला काय सांगितलंत, कुणाशी भांडलात, ते मला कधी कळलं नाही. मला फक्त तुमचे हात आठवतात. एक ओंबी तोडायची, तळहातावर चोळायची, हलकी फुंकर मारायची. निम्मं उडालं आणि निम्मं हातात राहिलं की म्हणायचं, "आता." सगळं उडालं तर अजून कच्चं. सगळं राहिलं तर उशीर झाला, चांगलं बी आधीच पडून गेलं. मी तुमच्यासारखं करून बघायचो आणि माझ्या हातून सगळंच उडायचं. "तुमी फुंकताय का दिवा इझवताय?" असं म्हणायच्या तुम्ही.

आणि मग त्या पहाटा. तीन दिवस. तुम्ही पुढं, डोक्यावर भारा. मी मागं, मोटारसायकलच्या कॅरिअरवर दुसरा बांधून, गाडी बंद ठेवून ढकलत. का बंद ठेवली होती, तेही तुम्ही विचारलं नाहीत. रानात पोचल्यावर तुम्ही भारे सोडून गवत पसरलंत आणि उन्हं वर येईपर्यंत काठीनं वरखाली करत राहिलात, दव उडून जावं म्हणून. माझ्या लबाडीनं गवत कुजू नये याची काळजी तुम्ही घेत होतात. वाऱ्यानं उडू नये म्हणून वर बोराट्या टाकल्यात. तळव्यात घुसलेला काटा दातानं ओढून काढलात आणि थुंकलात.

पहिल्या वर्षी काही फार आलं नाही. मी निराश झालो. तुम्ही म्हणालात, "पोर बी नऊ म्हैने घेतं, हे तर माळ हाय." दुसऱ्या वर्षी तेरडा आला. तिसऱ्या वर्षी श्रावणात मी बांधावर उभा राहिलो आणि ओढ्यापलीकडचा उंचवटाच आमच्या रानात उतरलेला दिसला. त्या दिवशी मला जे वाटलं त्याबद्दल मी तुमचा ऋणी आहे. ते तसंच्या तसं मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. "चांगलं आलंय," एवढंच म्हणालो.

आपलं शेळ्यांवरून जे भांडण होतं ते मिटलं नाही. मी चराईबंदीवाला. बाहेर पाटी लावली होती. तुम्ही ती पाटी बघून म्हणायच्या, "कुनाला लावली? शेळीला वाचता येत नाय." तुमचं म्हणणं, दिवाळीनंतर पंधरा-वीस दिवस शेळ्या फिरल्याच पाहिजेत, खुरांनी बी दाबलं गेलं पाहिजे, नाहीतर कुसळी माजते आणि बाकीच्यांचा गळा दाबते. मी म्हणायचो, निसर्गाला त्याचं त्याचं करू द्यावं. तुम्ही म्हणायच्या, "त्याचं त्याचं कुटं चाललंय? कापताय तुमी, उपटतेय मी." चौथ्या वर्षी कुसळी माजली. विष्णुक्रांता तिच्याखाली दिसेनाशी झाली. मग मी गुपचूप दत्ताच्या शेळ्या आत सोडल्या, आणि पुढच्या साली एका शिबिरात 'नियंत्रित चराईचा आमचा प्रयोग' म्हणून ते माझं म्हणून सांगितलं. हे तुम्हाला माहीत नव्हतं. किंवा असेल.

फुलांवरूनही वाद होताच. "गवत बगा की, गवत! फुलं काय, आज हायेत उद्या नायत," म्हणून तुम्ही माझ्यावर चिडायच्या. मी फोटो काढत बसायचो आणि तुम्हाला वाटायचं मी नाहक वेळ घालवतोय. पण कळलावी फुलली की पहिला निरोप तुमचाच यायचा.

आता महालक्ष्म्यांचं. त्या तिसऱ्या वर्षी आईला रान बघायला नेलं. ती खूश झाली. परत येताना तिनं तेरडा आणि कुर्डू ओच्यात भरून आणला आणि महालक्ष्म्यांपुढं ठेवला. मी तिथं हात जोडून उभा होतो आणि माझ्या कपाळाला घाम होता. दुसऱ्या दिवशी तुम्हाला सांगितलं. तुम्ही हसत हसत बांधावर बसलात, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसलात. "मंग? देवीनं इचारलं का, कुठून आणलं म्हणून?"

"नाही विचारलं."

"मंग तुमी कामून एवढं बेजार व्हताय?"

मीही हसलो. हसण्यावारी नेता येतं, हे मला फार बरं वाटलं. त्या हसण्याच्या आडोशाला मी पुढची तीन वर्षं काढली.

लोक बघायला यायला लागले. कुणी विचारलं, बियाणं कुठून आणलं, की मी म्हणायचो, ठिकठिकाणाहून गोळा केलं. घरी सांगितलं होतं, पुण्याहून मागवलं. एकदा एक साहेब आले होते, दत्ता बरोबर होता, आणि तुम्ही चार हातांवर गाजरगवत उपटत बसला होतात. साहेबांनी विचारलं आणि मी तेच सांगितलं, पुण्याचं. तुम्ही मान वर केलीत. मला वाटलं, झालं आता. तुम्ही म्हणालात, "व्हय साहेब. लई लांबून आलंय. मास्तरनी लई पायपीट केली." साहेब हसले, दत्ता हसला. पुन्हा तुम्ही खाली बघून उपटायला लागलात.

मला सांभाळून घेतलंत, असं तेव्हा वाटलं. टोमणा होता हेही कळलं. पण तुम्हाला त्यात काय लागलं असेल, हे मी मनात येऊच दिलं नाही.

आणि मग मुरमाचं निघालं. ओढ्याच्या त्या बाजूला कुणी जमीन घेऊन प्लॉट पाडले होते, त्यांना रस्ता करायचा होता. उंचवट्यातला मुरूम उचलायचा, जागा सपाट करायची, आणि बदल्यात तुमच्या वस्तीला स्मशानभूमीत पत्र्याचं शेड बांधून द्यायचं, असा ठराव येणार होता. वस्तीतल्या पोरांना शेड हवंच होतं आणि त्यांचं काही चुकीचं नव्हतं. गावाच्या स्मशानभूमीला केव्हाच शेड झालं होतं; तुम्ही लोक पावसात ताडपत्री धरून उभे राहायचात. तुम्हालाही शेड हवंच होतं. तुमचं म्हणणं एवढंच की ते खालच्या, रस्त्याकडच्या खडकाळ कोपऱ्यात बांधा, वरचा उंचवटा खोदू नका.

त्यासाठी तुम्ही एकट्या एस.टी.नं शहरात, सिडकोतल्या माझ्या घरी आलात. पहिल्यांदा आणि शेवटच्यांदा. सोफ्याच्या कडेवर टेकलात. भिंतीवर माझ्या रानाची वर्तमानपत्रात आलेली बातमी फ्रेम करून लावली होती, ती तुम्ही जवळ जाऊन बघितलीत. फोटोत मी उभा आहे, आणि मागं कुणीतरी वाकलेलं आहे.

"ही पाठ माझीच ना?"

"हो."

"लुगडं वळखलं म्या." मग खाली बसून म्हणालात, "मास्तर, आमचं कोन ऐकत नाय. पोरं म्हणत्यात, म्हातारीला गवताचं पडलंय. उद्याच्याला सभंत तुमी एवढंच सांगा, का तुमच्या रानातलं समदं गवत आमच्या हितून नेलंय. तुमच्याकडं साहेब येत्यात, फोटो छापत्यात. मंग त्यास्नी कळंल का हितं काय हाय. दुसरं कायबी नका बोलू."

मी म्हटलं, "सांगतो."

"नक्की?"

"अगं, सांगतो म्हटलं ना."

तुम्ही चहा पिऊन, माझ्या बायकोला गावाकडं यायचं आवतण देऊन गेलात. मी तुम्हाला रिक्षापर्यंत सोडायला खाली आलो. तुम्ही म्हणालात, "जावा आता, ऊन लागंल."

दुसऱ्या दिवशीची ती सभा मी हजारदा मनात घोळवली आहे. ग्रामपंचायतीसमोर सतरंज्या, पुढं चार-पाच खुर्च्या. मास्तर म्हणून मला खुर्ची. दत्ता माझ्या उजव्या हाताला. तुम्ही बायकांत, खांबाला टेकून. ठराव वाचला गेला. तुम्ही उठून बोललात, तुमच्याच वस्तीतलं एक पोरगं मागून ओरडलं, "आजी, गवत काय डोक्यावर धरायचं का पावसात?" लोक हसले. तुम्ही त्याला एक सणसणीत शिवी घातलीत, लोक आणखी हसले. मग तुम्ही माझ्याकडं बोट केलंत. "मास्तरला इचारा."

सरपंच माझ्याकडं वळले. "बोला मास्तर. तुमचा तर यातला अभ्यास हाय. काय विशेष हाय त्या जागेत?"

दत्तानं माझ्याकडं बघितलं. मला त्या क्षणी आमच्या गोठ्यातल्या दोन गायी दिसल्या, तीन हिवाळे माझ्या कुरणाचं गवत खाल्लेल्या. त्यांचं दूध दिसलं, महालक्ष्म्यांपुढचा तेरडा दिसला, ओट्यावरची आई दिसली. आणि मी म्हणालो, "तसं विशेष काही नाही. गवतच आहे. कुठंही येतं."

एवढंच बोललो मी.

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. रागानं नाही. तुम्ही रागानं बघितलं असतं तर ते मी कुठंतरी ठेवून दिलं असतं. बाजारात ओळखीचा माणूस समजून एखाद्याला हाक मारावी आणि तो दुसराच निघावा, तसं बघितलंत. मग खाली बसलात. ठराव झाला. परत येताना दत्ता मोटारसायकलवर मागं बसून म्हणाला, "बरं झालं तू मध्ये पडला नाहीस." मी गाडी चालवत राहिलो.

मशीन चार दिवस चाललं. मी त्या आठवड्यात गावाकडं गेलो नाही. शाळेत परीक्षा आहेत असं सांगितलं. उगवतीकडची बाजू सगळ्यात आधी गेली, कारण रस्ता तिकडून होता. हे मला दत्तानं फोनवर सांगितलं. त्याला ती नुसती एक बाजू होती. मला ठाऊक होतं तिथं कोण आहे. तुम्ही त्या चार दिवसांत कुठं होतात, घरात बसलात की तिथं जाऊन उभ्या राहिलात, हे मी आजवर कुणालाही विचारू शकलेलो नाही.

पंधरा दिवसांनी तुम्ही माझ्या रानात कामाला आलात. मी शिव्यांची तयारी करून गेलो होतो. तुम्ही म्हणालात, "इळ्याला धार लावून आणा, बोथटलाय." त्यानंतर दीड वर्ष तुम्ही येत राहिलात. थट्टा मात्र बंद झाली. मी दोनदा विषय काढायला गेलो, दोन्ही वेळा "साखरबाई, त्या दिवशी" इतकं बोललो, आणि दोन्ही वेळा तुम्ही म्हणालात, "जाऊ द्या, काम करू द्या."

एकदाच तुम्ही आपणहून बोललात. मागच्या दिवाळीच्या आधी, ओंबी तळहातावर चोळून. "मास्तर, आता तुमच्या रानातूनच परत न्यावं लागंल. कडंला थोडा मुरूम ऱ्हायलाय. त्याच्यावर पसरलं तर धरंल."

मी म्हटलं, "बघू."

"कवा?"

"या साली गवत कमी आहे. पुढच्या साली बघू."

गवत कमी नव्हतं. तुम्हाला ते माझ्याहून चांगलं दिसत होतं. पण गवत तिकडं न्यायचं म्हणजे का नेतोय ते सांगणं आलं. तुम्ही तळहात लुगड्याला पुसलात.

तुमच्या वंदनाचा फोन आला तेव्हा मी वर्गात होतो. ती शहरात परिचारिका आहे, तिचा आवाज स्थिर होता. "सर, आई गेली." मी पोचलो तेव्हा पाऊस लागून होता, आणि तुम्हाला त्या शेडखाली ठेवलं होतं. पत्र्यावर पाऊस इतका वाजत होता की त्रिशरण म्हणणाऱ्या बायकांचे आवाज मध्येच बुडत होते. सगळे कोरडे होते. मी कडेला उभा राहून मुरूम खणून नेलेल्या जागेकडं बघत होतो. तिथं पाणी साचलं होतं, काठाला गाजरगवत.

वंदना जवळ आली. म्हणाली, "आई शेवटी शेवटी म्हणायची, शेड झालं ते बरं झालं. सर, तुम्ही तिच्यासाठी लई केलं. तिला तुमच्या रानाचा लई अभिमान होता."

तेव्हा मला कळलं की तुम्ही तिला काहीच सांगितलेलं नाही. सभेत ती नव्हती. तुमच्या मुलीलाही मी तुमचं गवत नेऊन ते नाकारलेला माणूस म्हणून नाही, तुम्हाला रोजगार देणारा भला मास्तर म्हणून माहीत आहे. हे तुम्ही का केलंत, साखरबाई? माझी इज्जत राखायला? की माझ्याबद्दल बोलण्याइतकंही तुम्हाला काही वाटेनासं झालं होतं? मी दोन्ही उत्तरं धरून बघतो. दुसरं खरं असावं असं जास्त वाटतं.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात वंदनानं मला बोलायला सांगितलं. मी बोललो. साखरबाई कष्टाळू होत्या, निसर्गाची त्यांना जाण होती, आमच्या कुरणाला त्यांचं मोलाचं सहकार्य लाभलं. सहकार्य हा शब्द मी वापरला. समोर तुमची सगळी वस्ती बसली होती, मागं ते सभेत ओरडलेलं पोरगं हातात पाण्याचा जग घेऊन उभं होतं. एक वाक्य बोलायचं होतं. ते सोडून बाकीची सगळी बोललो, आणि लोकांनी मान डोलावली.

म्हणून हे लिहायला बसलो. पण लिहिणंही सोपंच आहे, हे मला समजतं. हे जिथं छापलं जाईल ते आमच्या गावात कुणी वाचत नाही. आई तर वाचतच नाही. शहरातले चार लोक वाचतील आणि मला प्रामाणिक म्हणतील, आणि ते ऐकून मला बरं वाटेल, याचीच मला भीती वाटते.

तेव्हा मी तुमचं काय देणं लागतो ते सरळ लिहितो. माझ्या रानातलं गवत बी धरून असताना कापून उरलेल्या मुरमावर पसरणं, हे एक. ते या पंधरा दिवसांत होईल, कदाचित मजूर लावूनही होईल, आणि ते झालं म्हणून मी सुटणार नाही. हे गवत कुठलं ते आईला सांगणं, तिला ऐकू येतंय तोवर. दत्ताला सांगणं. त्या सभेत मी काय बोललो ते वंदनाला सांगणं. आणि ग्रामसभेत उभं राहून, त्या उंचवट्यावर काय होतं, ते कुणी राखलं होतं आणि तुमच्या पट्ट्यातून ते माझ्या रानात कुणी आणून दिलं, हे तुमचं नाव घेऊन सांगणं. यातलं मी अजून काहीही केलेलं नाही.